बोरिवलीचे कलासमीक्षक

आमच्या सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या कलासमीक्षकांनी उदरनिर्वाहार्थ एका सरकारी कचेरीत निवृत्तीपर्यंत चाकरी केली, आणि अर्जांवर शेरे मारण्याचा जो हातखंडा तेथे कमावला, तोच रविवारच्या पुरवण्यांतून चित्रांवर चालविला. ‘अमूर्ताकडील वाटचाल समाधानकारक, तथापि अवकाशाचा प्रश्न प्रलंबित,’ हा अभिप्राय त्यांनी किती चित्रकारांच्या पदरी टाकला, याची नोंद त्यांच्याही दप्तरी नसावी. ज्ञानेश्वर नाडकर्णी चित्र आणि नाटक या दोहोंवर सारख्याच अधिकाराने लिहीत, हे कळल्यापासून एकाच कलेवर समाधान मानणे त्यांना कमीपणाचे वाटे; अधिकार मागाहून रुजू होईल, अशी त्यांची श्रद्धा होती.

1952 साली उघडलेल्या जहांगीर कलादालनाशी त्यांचा ऋणानुबंध दृढ होता. मात्र तो भिंतींशी नसून तेथल्या ‘समोवार’ उपाहारगृहाशी होता. 1964 पासून चित्रकार-नाटकवाल्यांचा अड्डा असलेल्या त्या चिंचोळ्या जागेत हे टेबल अडवून बसत, चित्रकार स्वतःच आपल्या चित्रांचे मर्म उलगडून सांगे, बिलही तोच चुकते करी, आणि चर्चगेटहून सुटणाऱ्या बोरिवली फास्टमध्ये खिडकी मिळाल्यास अंधेरी येईतो लेखाचा मसुदा सिद्ध होई. उभ्याने प्रवास घडला, की त्या प्रदर्शनात त्यांना ‘मूलभूत अस्वस्थता’ जाणवे.

2015 साली समोवार बंद पडले आणि प्रत्यक्ष चित्रे पाहण्याचा प्रसंग ओढवला. तीन भिंती त्यांनी धीराने पाहिल्या. चौथीपाशी गुडघे दुखू लागले (टेकायला जागा हवी, हा त्यांचा आक्षेप मला रास्त वाटतो), तेव्हा त्यांनी आपले कार्यक्षेत्र रंगभूमीकडे वर्ग केले. तेथे निदान खुर्ची असते, आणि मध्यंतरात बटाटावडाही.

बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह घरापासून चालत जाण्याजोगे, म्हणून तेथील प्रयोग बहुधा ‘बांधेसूद’ ठरतात; पार्ल्याच्या दीनानाथमधले ‘आश्वासक’; आणि दादरला गाडी बदलून ज्यासाठी जावे लागते, ते मुलुंडच्या कालिदासमधले नाटक हटकून ‘पसरट’ निघते. अशा एका पसरट नाटकाचा प्रयोग पुढे बोरिवलीत लागला व तो बांधेसूद असल्याचे छापून आले, तेव्हा नटसंच तोच आणि संहिताही तीच असल्याचे मी नम्रपणे त्यांच्या निदर्शनास आणले.

‘‘असेल,’’ ते प्रसन्न मुद्रेने म्हणाले, ‘‘पण दिग्दर्शकाने माझ्या सूचना मनावर घेतलेल्या दिसतात.’’