टाकी वाहती ठेवणाऱ्या अंकलजींस

आदरणीय तिसऱ्या मजल्यावरचे अंकलजी,

साष्टांग नमस्कार. तो वेगळा घालावा लागला नाही. गेटपासून गाडीपर्यंत चालत आलं की आपल्या शेवाळलेल्या ड्राइव्हवेवर आपोआपच घडतो. पत्र मराठीत आहे, कारण हिंदीत सांगून झालं.

तुमच्या हरितक्रांतीला तोड नाही. २९ मे २०२४ला दिल्लीतल्या मुंगेशपूरच्या यंत्रानं ५२.९ अंश दाखवले (ते तीन अंशांनी चढं होतं, हे हवामान खात्यानं मागाहून सांगितलं). त्याच दिवशी टाकी वाहू देणाऱ्यांना दोन हजार रुपये दंड करायचा आदेश तेव्हाच्या जलमंत्री आतिशी यांनी दिला. दिल्ली टँकरमागे धावत होती आणि तुमची मोटर पहाटे सुरू व्हायची ती टाकी भरून, वाहून, भिंतीवरून खाली उतरेपर्यंत. त्या उन्हातही सावलीतला पट्टा ओलाच राहिला.

श्रावणात शेवाळ गेटपर्यंत पोचलं, तेव्हा तुम्ही स्वतः तेजाबाची बाटली घेऊन उतरलात. ड्राइव्हवेची कोटा फरशी म्हणजे चुनखडक, आपल्या शहाबादीची राजस्थानी बहीण. तिच्यावर फेस आला. "देखो, मैल निकल रहा है!" अंकलजी, तो मळ नव्हता, फरशी विरघळत होती. आता ती खरखरीत झाली आहे, पाणी धरून ठेवते, आणि शेवाळाला पूर्वीपेक्षा चांगली जागा मिळाली आहे. त्यात एका भागात मी आधी ब्लीचिंग पावडर टाकली होती, तिच्यावरही तुम्ही ओतणार होतात! दोन्ही मिसळली की क्लोरीन वायू सुटतो. दिल्लीच्या हवेला एवढ्या मदतीची गरज नाही. दिवाळीनंतर ती स्वतःचं बघून घेते. आणि हो, तेजाब विकताना ओळखपत्र व नोंदवही हवी, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ सालीच सांगितलंय. सायकलवरून येणाऱ्या तुमच्या तेजाबवाल्याला कुणी कळवलं नसावं.

शेवाळाला खरी मुळं नसतात, ते नुसतं चिकटून बसतं. उन्हात कडकडीत वाळू दिलं की प्लास्टिकच्या पट्टीनं निघतं. मग नायलॉनचा ब्रश. तारेचा नको, ओरखडे पडतात. लिंबू-व्हिनेगरही नको, तीही आम्लंच. उरल्या डागांवर पातळ ब्लीच थोडा वेळ, मग भरपूर पाणी. गेटबाहेरच्या पेव्हर ब्लॉकवर तुमच्या चिरंजीवांनी गाडी धुण्याचा प्रेशर पंप अगदी जवळून मारला. सांध्यांतली वाळू उडाली आणि ब्लॉक आता डुलतात. सुट्टीत हौस झाली त्याची, ठीक आहे.

एवढं करूनही टाकी वाहिली तर सगळं पाण्यात. वाळलेलं शेवाळ मेलेलं दिसतं, ओल मिळाली की पुन्हा हिरवं होतं. फ्लोट व्हॉल्व्ह मी आणून ठेवलाय, प्लंबर रविवारी सकाळी येतोय. गच्चीची किल्ली तेवढी खाली पाठवा. बाटली नको.

आपला,
तळमजला