मणी कुणाच्या हातात?

५२ वजा २७. दुसरीतलं पोर २ मधून ७ जात नाहीत म्हणून सरळ ७ मधून २ काढतं आणि ३५ लिहून मोकळं होतं. त्याच पोरापुढे दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवा आणि २७ काड्या मागा. दोन गठ्ठे ते लगेच देतं, सात सुट्यांपाशी अडतं. मग एका गठ्ठ्याचं रबर काढतं. हातच्याचं अख्खं गणित त्या रबर काढण्यात आहे. फक्त त्याच क्षणी वहीतही ५ खोडून ४ आणि २ चे १२ करून घ्यायला हवेत. नाहीतर काड्या एकीकडे राहतात, उदाहरण दुसरीकडे, आणि पोर चौथीतही काड्याच मोजत बसतं.

एवढं साधं काम अडतं कुठे? बऱ्याच शाळांत मणी, काड्या, ठोकळ्यांची गणित पेटी आहे, पण कपाटात. डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या कायम वस्तूंच्या वहीत, तिची नोंद आहे आणि मणी हरवला तर जबाब द्यावा लागेल, ही शिक्षकांना धास्ती. वर्षअखेर कोरी करकरीत राहिलेली पेटी वाया गेलेली पेटी आहे. जपून ठेवावं असं महाग साधन लागतंच असंही नाही. बालशिक्षणात काम केलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला हाताळून शिकण्याचं माँटेसरीचं तत्त्व घेतलं, महागडी साधनं सोडली. बिया, खडे, शिंपले मुलांच्या हाती दिले.

आता पडद्याची हौस आली आहे. स्मार्ट बोर्डवर बाई ठोकळे सरकवतात, चाळीस मुलं बघत बसतात. हा सिनेमा झाला. पडद्याशी माझं वैर नाही. जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये त्रिकोणाचा कोपरा ओढला की आकार पालटत राहतो, तिन्ही कोनांची बेरीज मात्र १८० अंशांवरून हलत नाही. वहीत असे पन्नास त्रिकोण काढायला तास पुरायचा नाही. पण ओढणारं बोट मुलीचं हवं, बाईंचं नव्हे. शिवाय पडद्यावरच्या साधनाचा भरवसा किती? २०२० च्या अखेरीस ब्राउझरमध्ये खेळ चालवणारं फ्लॅश हे सॉफ्टवेअर बंद झालं आणि त्यावर बेतलेले कितीतरी गणिती खेळ उघडेनासे झाले.

म्हणून शिक्षण विभागाकडे मागणी एकच. मणी, काड्या, ठोकळे डेडस्टॉकमधून काढा आणि खडूसारखे दरवर्षी खर्ची टाका. हरवतील तेवढे पुन्हा द्या.