चौथा नंबर आला हो!

अभिनंदन! आपण सगळे सारखे झालो आहोत. तंतोतंत सारखे नाही, पण जगात चौथे. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने जुलै २०२५ मध्ये तसं रीतसर पत्रकच काढलं. जागतिक बँकेच्या हिशेबाने भारताचा गिनी निर्देशांक २५.५. हा आकडा जेवढा लहान, तेवढी देशात समता जास्त. स्लोव्हाकिया, स्लोव्हेनिया, बेलारूस आणि त्यांच्या मागोमाग आपण. चीनला ३५.७ पडले आणि अमेरिकेला ४१.८. या परीक्षेत जास्त मार्क म्हणजे नापास.

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी ही बातमी ग्रुपवर टाकली आणि खाली तिरंग्यांची रांग लावली. संध्याकाळी ते लिफ्टमध्ये भेटले. 'घरकाम करणाऱ्या महिला व पार्सलवाल्यांनी मागची लिफ्ट वापरावी' अशी त्यांच्या सहीची पाटी ज्या लिफ्टबाहेर लागली आहे, तीच ही लिफ्ट. "वाचलंत ना? तुम्ही पेपरवाले विषमता विषमता म्हणून गळे काढता, आणि आपण थेट बेलारूसच्या पाठोपाठ!" बेलारूस नेमका कुठे आहे हे आम्हा दोघांपैकी कुणालाच सांगता आलं नसतं, त्यामुळे आनंद निर्भेळ होता.

आता ही समता आली कुठून, ते पाहू. अनेक देशांत हा निर्देशांक माणसाच्या कमाईवरून काढतात. आपल्याकडे तो खर्चावरून काढतात. कमाई विचारली की माणूस कसनुसा होतो, खर्च विचारला की खुलतो. सर्वेक्षणाचा माणूस घरी येतो आणि विचारतो : महिन्याला तांदूळ किती, तूरडाळ किती, गोडं तेल किती, रिचार्जला किती, चपला कधी घेतल्या? इथे खरी लोकशाही सुरू होते. माणूस कितीही गडगंज असला तरी सकाळी पाच किलो पोहे खात नाही. उलट त्याचा आहारतज्ज्ञ त्याला नाचणीची आंबील प्यायला सांगतो. तिकडे जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावरची म्हातारीही नाचणीच खाते. झाली समता.

मग श्रीमंताच्या उरलेल्या पैशाचं काय? तो खर्चच नाही, तेव्हा मोजायचा प्रश्न येत नाही. तो शेअरमध्ये जातो, अलिबागच्या जमिनीत जातो, दुबईच्या फ्लॅटमध्ये जातो. तूरडाळीच्या शेजारी त्याला रकाना नाही. पोट मोजायचं आणि तिजोरी सोडून द्यायची, ही पद्धत एकदा मान्य केली की कुठलाही देश समतेच्या वाटेवर पळत सुटतो.

बरं, पोट मोजायला तरी आत जाता आलं पाहिजे. पाड्यावर सर्वेक्षणाच्या माणसाला चहा मिळतो. टॉवरच्या गेटवर वॉचमन विचारतो, कुणाकडे? हा म्हणतो, भारत सरकारकडून आलोय. वॉचमन म्हणतो, ते झालं, फ्लॅट नंबर सांगा.

त्यातूनही जे हाती लागलं ते मजेदार आहे. २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या सर्वेक्षणात खेड्यांतल्या अगदी तळच्या पाच टक्क्यांचा माणशी मासिक खर्च निघाला १,३७३ रुपये. म्हणजे दिवसाला पंचेचाळीस-सेहेचाळीस. आणि शहरांतल्या सगळ्यांत वरच्या पाच टक्क्यांचा? माणशी २०,८२४ रुपये. मी हा आकडा सेक्रेटरींना दाखवला तेव्हा त्यांचा चेहरा पडला. मेंटेनन्स, गाडीचा हप्ता आणि धाकट्याचा क्लास एवढ्यातच ते देशाच्या शिखरावर जाऊन बसत होते. स्वतःला मध्यमवर्गीय म्हणवून घेणं हा त्यांचा जन्मसिद्ध हक्क होता, तो एका तक्त्याने गेला.

जागतिक बँकेच्या टिपणाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आपल्याकडे ते मन लावून वाचलं गेलं, फक्त निम्मं. ज्या टिपणात खर्चाचा गिनी २८.८ वरून २५.५ वर आल्याचं म्हटलंय, त्याच टिपणात हेही आहे की नमुन्यातल्या मर्यादांमुळे विषमता कमी दिसत असावी, आणि जागतिक विषमता विदागारानुसार भारतातला कमाईचा गिनी २००४ मधल्या ५२ वरून २०२३ मध्ये ६२ वर गेलाय. बासष्ट! पत्रक लिहिणाऱ्याची नजर २५.५ पाशी पोहोचली आणि तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली असणार. त्या विदागारामागे असलेल्या अर्थतज्ज्ञ पिकेटी आणि मंडळींनी २०२४ मध्ये असंही मांडलं की, २०२२-२३ मध्ये देशातल्या वरच्या एक टक्क्याकडे उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के हिस्सा होता, आणि एवढी विषमता इंग्रजांच्या राज्यातही नव्हती. पण पिकेटी फ्रेंच. त्यांना आपलं चांगलं बघवत नाही.

आकडा अगदीच वाईट निघाला तर काय करायचं, याचाही पायंडा आहे. २०१७-१८ चं खर्चाचं सर्वेक्षण झालं, त्यात लोकांचा खर्च घटल्याचं एका वृत्तपत्राने फोडलं, आणि सरकारने माहितीच्या दर्जाचं कारण देऊन ते सर्वेक्षणच बाद केलं. ताप मोजला, जास्त निघाला, थर्मामीटर परत केला.

कुठल्याही एका पक्षाला यात श्रेय देणं अन्यायाचं होईल. गरिबी किती, हे रेघ कुठे ओढता यावर ठरतं, हा शोध जुना आहे. पुण्याच्या गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये 'भारतातील दारिद्र्य' मांडलं तेव्हा निदान पोटात किती उष्मांक जातात ते बघितलं होतं. २०११ मध्ये नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात शपथेवर सांगितलं की शहरात दिवसाला ३२ रुपये आणि खेड्यात २६ रुपये खर्च करणारा माणूस गरीब नव्हे. पुढे २०१३ मध्ये एका काँग्रेस खासदार-अभिनेत्याने मुंबईत बारा रुपयांत पोटभर जेवण मिळतं असं जाहीर केलं. मुंबईकर अजून ती खाणावळ शोधतायत.

आता नवा हिशेब. नीती आयोग म्हणतो, बहुआयामी गरिबी २०२२-२३ मध्ये ११.२८ टक्क्यांवर आली. आनंद आहे. आणि १ जानेवारी २०२४ पासून पुढची पाच वर्षं सुमारे ८१ कोटी लोकांना रेशनवर फुकट धान्य मिळणार आहे. त्याचाही आनंदच. दोन्ही आनंद एकत्र केले की निष्कर्ष असा निघतो की या देशातले बहुसंख्य लोक गरीब नाहीत, नुसतेच भुकेले आहेत.

पण सरकार धान्य उगाच देत नाही. त्या बदल्यात जे मिळतं, त्यालाच स्थैर्य म्हणतात. स्थैर्याचे दर राज्याराज्यांत वेगळे आहेत. महाराष्ट्रात २०२४ च्या जुलैपासून तो लाडक्या बहिणीमागे महिना दीड हजार रुपये असा फुटला. नोव्हेंबरात निवडणूक होती, तोवर पात्रता तपासायला कुणाला सवड नव्हती. निकालानंतर सवड मिळाली आणि लाखो बहिणी अपात्र निघाल्या. त्यांच्यात हजारो भाऊही होते म्हणतात.

या सगळ्याची काळजी बाबासाहेब आंबेडकरांनी फार लवकर केली. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत ते म्हणाले की आपण राजकारणात समता घेऊन आणि समाजात, अर्थव्यवहारात विषमता ठेवून प्रजासत्ताकात पाऊल टाकतोय, हा अंतर्विरोध लवकर मिटवला नाही तर विषमतेने पोळलेले लोक लोकशाहीचा हा डोलारा उडवून देतील. संविधान दिन आपण २६ नोव्हेंबरला साजरा करतो. एक दिवस पुढे सरकलं की भाषण टळतं.

बाबासाहेबांना हे कुणा पिकेटीकडून शिकावं लागलं नव्हतं. त्यांच्याही आधी आपल्या पुणे जिल्ह्यात याचं प्रात्यक्षिक झालेलं होतं. १२ मे १८७५, सुप्याचा बाजार. त्याआधी काय घडलं होतं? अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं तेव्हा मँचेस्टरला कापूस मिळेना, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार दारात येऊन कर्ज देऊ लागले. १८६५ मध्ये ते युद्ध संपलं आणि भाव कोसळला. त्यातच तीस वर्षांच्या जमाबंदीची मुदत संपल्यावर साहेबाने नव्याने सारा बसवला, तो भरमसाट वाढवून. सारा रोखीने, वेळेवर. आणि नेमक्या त्याच वेळी सावकाराने हात आखडला. शिरूर तालुक्यातल्या करडे गावाने सावकारावर बहिष्कार घातला : न्हावी दाढी करेना, पाणक्या पाणी भरेना. सुप्यात मात्र बाजाराच्या दिवशी बांध फुटला.

लूटही झाली, पण लोकांना खरं हवं होतं ते कागद. रोखे, खतं, हुकूमनामे. बऱ्याच ठिकाणी सावकाराने कागद मुकाट्याने दिले की त्याला फारसा हात लागला नाही. कागदांची होळी झाली आणि लोक घरी गेले. हेच लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत पसरलं. कुणब्याला सही करता येत नव्हती, पण आपली गरिबी कुठे लिहून ठेवली आहे हे त्याला बरोब्बर माहीत होतं.

साहेबही बेरका. त्याने पोलीस आणि फौज पाठवली हे खरं, पण पुढे कमिशन नेमलं आणि कर्ज कुणाचं, किती, कशापायी, याची चौकशी केली. दिवसाला किती भाकऱ्या खाता, असं विचारून प्रकरण निकालात काढलं नाही. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला : कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये, आणि रोख्यावर काय लिहिलंय तेवढंच न बघता त्यामागचा व्यवहार कोर्टाने तपासावा. अर्थात साम्राज्याला हे कनवाळूपणाने सुचलं नव्हतं. सुप्याच्या धुराचा वास मुंबईपर्यंत आला होता.

आपण बरेच पुढे आलोत. आता वही नाही. बचत गटातल्या बाईने फायनान्सवाल्यांकडून तीस हजार उचलले तर अंगठा मशीनवर, हप्ता फोनवर, आणि थकला की येणारा आवाज भलत्याच राज्यातला. सावकाराला निदान वाडा होता, ओटा होता, तिथे जाऊन शिव्या देता येत. या सावकाराचा पत्ता काय? सर्व्हर. तो कुठे असतो? ढगात. राज्यकर्त्यांच्या दृष्टीने एवढी मोठी सुधारणा दुसरी नसेल. जाळायला कागदच शिल्लक ठेवला नाही!

अडचण एवढीच की ज्या फोनवर हप्त्याचा मेसेज येतो, त्याच फोनवर रील येते. सर्वेक्षणाच्या माणसाला गेटवर अडवता येतं, रीलला वॉचमन नाही. २०२४ च्या जुलैत मुंबईत एका मोबाइल कंपनीच्या मालकाघरचं जे लग्न झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं, निमंत्रण असो नसो. त्याच महिन्यात रिचार्ज महागला. गावोगावच्या पोरांनी दोन्ही गोष्टींची बेरीज स्वतःची स्वतः केली आणि तिचे विनोद करून एकमेकांना पाठवले. विनोद होताहेत तोवर स्थैर्य आहे असं समजायला हरकत नाही.

शेजारी बघा. श्रीलंकेत ९ जुलै २०२२ ला लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी शिरले आणि त्यांच्या तलावात डुंबले. घरी वीज नाही, पंपावर पेट्रोल नाही, आणि इथे निळंशार पाणी! राष्ट्राध्यक्ष आठवडाही पुरा न होता देश सोडून गेले. ५ ऑगस्ट २०२४ ला ढाक्याच्या पंतप्रधान आपल्याकडे पाहुण्या म्हणून आल्या, त्या आल्याच. नोकऱ्यांच्या आरक्षणावरून सुरू झालेलं पोरांचं आंदोलन होतं ते, विकासदर उत्तम होता.

आणि नेपाळ. तिथल्या सरकारकडेही उत्तम आकडा होता : २०१०-११ मध्ये पंचवीस टक्के असलेली गरिबी २०२२-२३ मध्ये वीस टक्क्यांवर आल्याचा. खर्चाच्या सर्वेक्षणातूनच निघालेला. पण पुढाऱ्यांच्या मुलांनी आपला हिशेब स्वतःच इन्स्टाग्रामवर टाकला : परदेशातल्या सहली, महागड्या पर्सा, मेजवान्या. आखातात बाप राबतोय म्हणून ज्यांची चूल पेटते, त्या घरांतली पोरं हे बघत होती. मग सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये समाजमाध्यमंच बंद केली. तोच तो थर्मामीटरचा उपाय. ८ सप्टेंबरला पोरं रस्त्यावर आली, गोळीबारात एकोणीस जण गेले, दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओली यांनी राजीनामा दिला.

सुप्याच्या कुणब्याला निदान कोणता कागद जाळायचा ते ठाऊक होतं. काठमांडूच्या पोरांना वही कुठे सापडणार? त्यांनी संसद जाळली, सर्वोच्च न्यायालय जाळलं आणि सरकारी कचेऱ्यांचा सिंहदरबारही.