‘खळखळ’ची व्युत्पत्ती दिल्लीत बसून कशी काढावी

दिल्ली, नोएडा किंवा गुरुग्राममध्ये राहणाऱ्या ज्या मराठी माणसाला ‘खळखळ’ या शब्दाचे मूळ शोधायचे असेल, त्याने पहिले पथ्य हे पाळावे की यमुनेवर जाऊ नये. शब्द पाण्याच्या आवाजावरून आला, मग पाण्याशी जाऊन कान द्यावा, असा सरळ विचार करून भलेभले तिथे फसतात. कालिंदी कुंजपाशी ओखला बंधाऱ्यावरून पाणी पडते तेव्हा त्यातली साबणाची आणि डिटर्जंटची रसायने घुसळली जातात आणि हिवाळ्याच्या तोंडाशी नदीवर पांढऱ्या फेसाचे डोंगर तरंगतात. तिथे फार तर ‘फसफस’ हाती लागेल, आणि ती कोशात निराळ्या पानावर आहे. शिवाय नदीवर जाण्याची मुळात गरजच नाही, कारण या शब्दाचा बराचसा भाग पाण्याने दिलेलाच नाही. हे सिद्ध करण्यास एक मराठी कोश, एक हिंदीभाषी शेजारी आणि पिण्याच्या पाण्याचा 20 लिटरचा एक जार एवढे साहित्य पुरते.

आरंभ शेजाऱ्यापासून करावा. नदी कसा आवाज करते असे विचारल्यास तो शाळेत शिकल्याप्रमाणे ‘कलकल’ म्हणेल. नदी तीच, कान तसेच. मग मराठी माणसाला ‘खळखळ’ का ऐकू यावी? संस्कृतात ‘कलकल’ म्हणजे गलका, गोंगाट. मराठीने त्यातून ‘कलकलाट’ घेतला आणि तो माणसांना व पाखरांना दिला. म्हणजे हिंदीत जी नदी आहे ती मराठीत राजीव चौक मेट्रो स्थानकावरची संध्याकाळची गर्दी ठरते. कोणी म्हणेल, ‘कमल’चे ‘कमळ’ झाले तसा इथेही ‘ल’चा ‘ळ’ करून पाहा. जरूर पाहावा. ‘कळकळ’ मिळते, आणि नदीला आपली फार काळजी आहे असे वाटू लागते. ‘ळ’ उत्तरेत नाहीच, अशी समजूतही या निमित्ताने सोडून द्यावी. रोहतक-झज्जरकडची हरियाणवी ‘काळा’ म्हणताना तो नीट उच्चारते. प्रमाण हिंदीने मात्र त्याला घरात घेतले नाही. एकाच पाण्याच्या काठी दोन वर्णमाला बसल्या की दोन आवाज निघतात.

आता जार डिस्पेन्सरवर उलटा करावा. पाणी उतरते, हवा वर चढते आणि ‘गुडगुड’ होते. हुक्क्यातही पाणी कोंडलेले आणि वाट अरुंद, म्हणून मराठीत त्याला ‘गुडगुडी’च म्हणत. याउलट मोकळ्यावरचे मोठे पाणी ‘अ’काराने बोलते: खळखळ, घळघळ, धबधब. ‘उ’ कोंडलेल्याचा, ‘अ’ मोकळ्याचा, असा हा आडाखा. इथे ‘झुळझुळ’ आडवी येईल. ओढा तर मोकळा असतो! त्यावर उत्तर असे की ‘उ’ लहानखुऱ्या, हळुवार गोष्टींचाही आहे. आमटी पातेल्यात असूनही ‘रटरट’ का करते, असे विचारणाऱ्यास पातेल्याचे तोंड उघडे असते हे दाखवावे. आडाखा वाचवायला एवढे पुरते. व्युत्पत्तिशास्त्रात याहून कमी पुराव्यावर मोठमोठी घराणी उभी आहेत.

सर्वांत वजनदार आक्षेप पदार्थविज्ञानाचा. पदार्थवैज्ञानिक मिनार्ट यांनी 1933 साली दाखवले की वाहत्या पाण्याचा नाद मुख्यतः हवेच्या बुडबुड्यांच्या कंपनातून येतो: 1 मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला सुमारे 3,300 कंपने करतो आणि दहापट मोठा बुडबुडा त्याच्या दशांश. म्हणजे जारमधले मोठे बुडबुडे खर्जात बोलणार आणि त्यांना ‘उ’ शोभणारच. फ्रेंच बाटलीही ‘ग्लू-ग्लू’ करते. हे मान्य करावे. पाण्याला एक मत आहे, पण ते स्वरापुरते. ‘ग’नंतर ‘ड’ आणावा की ‘ल’, हे पाणी ठरवत नाही. याच ‘ग्लू-ग्लू’बद्दल भाषाशास्त्रज्ञ सोस्यूर यांच्या 1916 साली निघालेल्या व्याख्यानांत म्हटले आहे की अशा शब्दांतही निवड काहीशी मनाचीच असते. आपल्याकडे हा वाद त्याहून पुष्कळ जुना आहे. यास्काने आपल्या निरुक्तात कावळ्याचे नाव त्याच्या आवाजावरून पडले असे सांगितले, आणि नावे आवाजावरून पडतच नाहीत हे औपमन्यव या आचार्याचे मतही तिथेच नोंदवून ठेवले. पाणिनीने अशा शब्दांना ‘अव्यक्तानुकरण’ म्हटले आणि त्यांच्या द्विरुक्तीची व्याकरणात सोय लावली. भाषाशास्त्रज्ञ एमेनो यांनी 1969 साली ही दुहेरी शब्दांची खोड आर्य आणि द्राविड भाषांची सामाईक मालमत्ता असल्याचे दाखवले. कानडी-तेलुगूच्या शेजाराने राहिलेल्या मराठीचा ‘खळखळ’ तेव्हा डोंगरातल्या झऱ्यापेक्षा या शेजारात शोधणे बरे.

गुरुग्रामचे पूर्वीचे नाव ‘गुडगाव’ हे हुक्क्याच्या गुडगुडीवरून पडले, असा शोध काही उत्साही अभ्यासकांना या टप्प्यावर लागण्याचा धोका आहे. तो टाळावा. अव्यक्तानुकरणाला दोनदा यावे लागते. गुडगावात ‘गुड’ एकदाच आहे. 2016 साली सरकारने नाव बदलताना द्रोणाचार्यांकडे बोट दाखवले, हुक्क्याकडे नाही.

प्रयोग जार संपेपर्यंत चालवावा. अखेरच्या पेलाभर पाण्यात गुडगुड होत नाही, कारण हवेची वाट तोवर मोकळी झालेली असते. त्या शांततेला मराठीत कोणता शब्द आहे, हे पाहायला लगेच कोश उघडू नये. आधी जारवाल्याला फोन करावा.