मान खाली, आभाळ हाती

स्मार्ट दुर्बिणीचा मोठा गुण असा की तारे पाहायला मान वर करावी लागत नाही. सीस्टार एस५० ला डोळा लावायची सोयच नाही. अ‍ॅपवर बोट टेकवलं की ती आपली आपण वळते, दहा-दहा सेकंदांचे फोटो एकावर एक रचते आणि मृगातला तेजोमेघ मोबाइलवर गुलाबी होऊन उतरतो. नवख्याला आभाळात काही सापडत नाही, असं कुणी म्हणेल. शहराच्या झगमगाटात ते खरंच; फिकट दीर्घिका तर उघड्या डोळ्यांना कुठेच दिसत नाहीत. पण भंडारा जिल्ह्यातल्या कोका अभयारण्याच्या काठावरच्या अंधारात? मृग लागला की पऱ्ह्यांची घाई करणाऱ्या धानाच्या जिल्ह्यात मृग ओळखायला ब्लूटूथ लागावं! जानेवारीच्या मध्यात रात्री आठला कृत्तिका भंडाऱ्यात जवळपास डोक्यावर असतात. चार्जिंग लागत नाही.