सहकुटुंब मुंबईदर्शन : शास्त्रोक्त पद्धत

मुंबई एकट्यालाही पाहता येते, पण ते खरं दर्शन नव्हे. पायाला फोड, पाकिटाला भोक आणि दोन घरांत सहा महिन्यांचा अबोला एवढं पदरात पाडून घ्यायचं तर किमान नऊ माणसं लागतात. प्रस्तुत लेखकाने अशा चार मोहिमा केल्या आहेत, दोन सामान म्हणून आणि दोन यजमान म्हणून. पुढील सूचना अनुभवसिद्ध समजाव्यात.

प्रथम यजमान निवडावा. तो डोंबिवलीत वन बीएचकेत राहणारा असावा आणि कुठल्याशा लग्नात, हात धुता धुता, ‘या की एकदा सगळे’ असं त्याच्या तोंडून निघून गेलेलं असावं. त्याला गाडी कळवावी, वार कळवावा. संख्या कळवू नये. कोल्हापूरकरांना महालक्ष्मी एक्स्प्रेस सोयीची. सोमवारी रात्री बसायचं, मंगळवारी सकाळी कल्याणला उतरायचं. कांदालसूण चटणीची बरणी आत्याच्या मांडीवर द्यावी. मुंबईचं सगळं अन्न गोड असतं अशी आपल्याकडे श्रद्धा आहे आणि ती तपासून पाहायची ही वेळ नव्हे.

पथकप्रमुख मात्र माहीतगार हवा. 1986च्या सुमारास दीड वर्ष लालबागला राहिलेला एक काका प्रत्येक घरात असतोच. त्याला आजही कुणाला पत्ता विचारावा लागत नाही, म्हणून पथक हमखास चुकतं. दादरच्या मध्य रेल्वेकडच्या फलाटांचे आकडे डिसेंबर 2023 मध्ये बदलले, हे त्याला सांगू नये. डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर, पुढच्या उघड्या खिडकीत वारा खात बसवण्याचं वचन त्याने पोरांना दिलेलं असतं. त्या जुन्या लाल गाड्या सप्टेंबर 2023 मध्ये निघाल्या. नव्या विजेवरच्या आहेत, वातानुकूलित आहेत आणि त्यांची काच उघडत नाही. काकांच्या मते ही मुंबईच नव्हे.

आता कार्यक्रम. काकांनी वहीत लिहिलेल्या यादीत पहिलं नाव घारापुरीचं असावं, कारण मोहिमेचं मूळ तेच असतं. आजीला तिथल्या महादेवाचं, त्या वीसेक फुटी त्रिमुखी मूर्तीचं दर्शन घ्यायचं असतं. बाकीचे सगळे तिच्या निमित्ताने आलेले असतात. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला निघायचं ठरवावं. नळाला पाणी सातपर्यंत, न्हाणीघर एक आणि माणसं यजमानांसह तेरा, म्हणजे प्रत्यक्षात पावणेअकरा वाजतात. हे एक बरं होतं. ऑफिसची गर्दी तोवर थोडी ओसरलेली असते आणि नऊच्या नऊ जण लोकलमध्ये शिरू शकतात.

बायका लेडीजमध्ये, पुरुष जनरलमध्ये, अशी विभागणी करावी. लेडीजमध्ये आजीला चटकन जागा मिळते. मग समोरची कुणी विचारते, ‘‘मावशी, कुठे उतरणार?’’ मुंबईत हा प्रश्न जागेवरचा दावा असतो, कोल्हापुरात ती पाहुण्याची चौकशी असते. आजी सरळ सांगते, ‘‘भाच्याकडं, डोंबिवलीला.’’ गाडी घाटकोपर सोडून मुंबईकडे निघालेली असते. विचारणारी समजते की म्हातारी याच गाडीने परत जाणार. ती आशा सोडून दुसरीकडे सरकते आणि आजी सीएसएमटीपर्यंत ऐसपैस बसते. लोकलमध्ये जागा राखण्याची याहून खात्रीची युक्ती मला ठाऊक नाही.

सीएसएमटीला उतरताच डोकी मोजावीत. काका मोजतात, आठ भरतात, धावपळ उडते. वेदान्तातल्या दहाव्या माणसाची गोष्ट त्या फलाटावर नेहमी घडते, फक्त मोजणाऱ्याला ‘नववा तूच’ असं सांगणारा कुणी भेटत नाही. ही इमारत उभी राहायला 1878 पासून दहाएक वर्षं लागली, 2004 मध्ये ती जागतिक वारसा ठरली. पथकाने तीत शौचालय शोधावं आणि बाहेर पडावं.

पुढे गेटवे. 26 मीटर उंचीची कमान फोटोत मावत नाही, तेव्हा काकांनाच मध्ये उभं करावं. काही पाहायचं राहिलं म्हणून मात्र मन खट्टू करू नये. पंचम जॉर्ज डिसेंबर 1911 मध्ये इथे उतरला तेव्हा त्याच्यापुढे पुठ्ठ्याची प्रतिकृती होती. पायाभरणी 1913 ची, दगडी कमान पुरी झाली 1924 मध्ये. ज्याच्यासाठी बांधली तो राजाच गेटवे न पाहता गेला, तिथे आपली काय कथा!

पाहता पाहता साडेतीन होतात. एक तास लाँच, वर शंभराहून जास्त पायऱ्या, परत यायला अंधार. घारापुरी उद्यावर टाकावी. चार वाजता राणीची बाग गाठावी. ती बुधवारी बंद असते. म्हणून गुरुवारी परत जावं.

तिथले पेंग्विन दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे. मे महिन्यात त्यांच्या गार दालनातून आत्याला बाहेर काढणं हे या मोहिमेतलं सर्वांत अवघड काम. बाहेर आल्यावर कुणाच्या तरी कोल्हापुरीचा अंगठा तुटावा आणि तो जोडेपर्यंत पथकाने शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारातल्या एका दगडी हत्तीजवळ दशम्या सोडाव्यात. हा हत्ती मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. पथकाने त्याच्याकडे पाठ करून बसावं.

शुक्रवारी आत्याची महालक्ष्मी. शनिवारी दादरला साड्या, त्यात काकूच्या बहिणीसाठी दोन जास्त. मरीन ड्राइव्हला ‘आमच्या रंकाळ्यावाणी नाही’ एवढं म्हटलं की पुरतं. वांद्र्याला एका नटाच्या बंगल्याचं फाटक पाहावं, ते सर्व मोसमांत छान बंद असतं. रविवारी यजमान घरी असतो. त्याला विश्रांती मिळू नये म्हणून आपणही घरी राहावं आणि त्याच्या बायकोला तांबड्या रश्श्यात काय कमी आहे ते सांगावं.

सोमवारी रात्री परतीची गाडी. काकांच्या वहीत आता एकच नाव खोडायचं राहिलेलं असतं. त्या दिवशी मात्र पथक खरोखर सहाला निघतं. आजी नवं लुगडं नेसलेली असते, पिशवीत बेलाची पानं ओल्या फडक्यात गुंडाळलेली असतात. पहिली लाँच किती वाजता, असं काका गेटवेवरच्या भेळवाल्याला विचारतात. आयुष्यात पहिल्यांदाच ते कुणाला काही विचारत असतात.

घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात.