आंघोळीचा प्रकल्प अहवाल

कुठेही फिरायला जायचं ठरलं की आमच्या घरात खातेवाटप होतं. तिकिटं लेक काढते, परदेशात असलो तर गाडी जावई चालवतो, चिवडा-चकल्या आणि औषधांचा डबा बायकोच्या ताब्यात असतो, आणि माझ्याकडे 'अभ्यास' हे खातं येतं. माझी सगळी नोकरी बँकेच्या कर्जविभागात झाली. समोर आलेल्या प्रस्तावात खोट काढल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि हे गुण घरच्यांनी ओळखले असावेत असा माझा समज. त्यामुळे लेकीने मँचेस्टरहून फोन करून "बाबा, मे महिन्यात आपण चौघं आइसलँडला जाऊ, तिथल्या ब्लू लगूनला जाण्यात अर्थ आहे का, एवढं तुम्ही बघून ठेवा" असं सांगितलं, तेव्हा मी त्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून दोनशे पानी वही आणली, पट्टीने समास आखला, एका बाजूला 'अनुकूल' आणि दुसऱ्या बाजूला 'प्रतिकूल' असे मथळे टाकले आणि बायकोला आल्याचा चहा टाकायला सांगितला.

चहा झाला. वहीसुद्धा भरली. निर्णय तेवढा राहिला.

माझ्या अभ्यासात पहिल्याच आठवड्यात जे सापडलं, त्याने मी हादरलो. हा जगप्रसिद्ध तलाव निसर्गाने केलेलाच नाही. आइसलँडच्या नैर्ऋत्य टोकाला, काळ्या लाव्हाच्या ओसाड पठारावर स्वार्ट्सेंगी नावाचं वीजकेंद्र १९७६ साली सुरू झालं. जमिनीत खोल, दोन-दोन किलोमीटरपर्यंत विहिरी पाडायच्या, खालचं खारट कढत पाणी वर आणायचं, त्याच्या वाफेवर वीज करायची, त्याच्या उष्णतेवर आसपासच्या गावांसाठी गोडं पाणी तापवायचं, आणि उरलेलं खारं पाणी शेजारच्या लाव्हावर सोडून द्यायचं. लाव्हा भोकाभोकांचा, पाणी मुरून जाईल असा इंजिनिअरांचा हिशोब. पण त्या पाण्यात सिलिका विरघळलेली असते. पाणी निवलं की ती पांढरा साका होऊन खाली बसते. तिने लाव्हाची भोकं बुजवली आणि पाणी साचत गेलं. मग १९८१च्या सुमारास सोरायसिसच्या एका रुग्णाने त्यात डुंबून बघितलं, त्याला बरं वाटलं, बातमी पसरली, १९८७ साली लोकांसाठी स्नानगृह बांधलं आणि पुढे सगळं जग टॉवेल घेऊन तिथे धावलं. म्हणजे इंजिनिअरांचा अंदाज चुकला आणि त्या चुकीवर आइसलँडचं सगळ्यात गाजलेलं पर्यटनस्थळ उभं राहिलं. माझेही आयुष्यात अनेक अंदाज चुकले आहेत.

एकावरही तिकीट लावता आलं नाही.

आणि तिकीट म्हणजे किती? वेळ आणि गर्दी बघून भाव बदलतो, पण साधारण दहा-बारा हजार क्रोना धरून चाला, म्हणजे माणशी सात-आठ हजार रुपये. वीजकेंद्राच्या सांडपाण्यात आंघोळ करायला! मी हे तांबड्या शाईने लिहिलं आणि बायकोला वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती. म्हणाली, "अहो, पण निळं दिसतं ना?" मी तिला सांगितलं की ते पाणी निळं नसतंच, सिलिकेचे बारीक कण उजेडातला निळा रंग तेवढा परत फेकतात म्हणून निळं दिसतं, भांड्यात घेतलं तर पांढुरकंच. ती म्हणाली, "मग भांड्यात कशाला घ्यायचं?"

मग मी ठेवणीतला मुद्दा काढला, ज्वालामुखीचा. नोव्हेंबर २०२३मध्ये भूकंपांच्या मालिकेनंतर शेजारचं ग्रिंडाविक गाव रातोरात रिकामं करावं लागलं, डिसेंबरात जमीन फाटून लाव्हा वाहिला, जानेवारी २०२४मध्ये तो गावातल्या काही घरांपर्यंत गेला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तर त्याने ब्लू लगूनचं वाहनतळच गिळलं. वीजकेंद्र आणि तलाव वाचवायला माती-दगडांचे उंच बांध घातले आहेत. हे सगळं मी फोनवर गंभीर आवाजात सांगितल्यावर पलीकडे जरा शांतता झाली. मला वाटलं, प्रस्ताव फेटाळला गेला. तेवढ्यात बायको मागून म्हणाली, "वाहनतळ गेलं ना, तलाव आहे ना? मग बसने जाऊ."

शेवटी मी वज्रेश्वरीवर आलो. डोंबिवलीहून दीड-दोन तासांत वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी, तानसा नदीच्या काठाने कुंडंच कुंडं. आपल्याकडचे ज्वालामुखी साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच निवृत्त झाले, त्यामुळे वाहनतळ जायची भीती नाही, पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, तापतं आणि वर येतं. वर चिमाजी अप्पांनी वसईच्या विजयानंतर बांधवलेलं देवीचं मंदिर. आंघोळीबरोबर दर्शन, आणि येताना वाटेत मिसळ. यावर बायकोने फक्त एवढंच म्हटलं की मागे तिच्या माहेरची सगळी मंडळी अकलोलीला गेली तेव्हा "गंधकाचा वास डोक्यात जातो" म्हणून गाडीत पेपर वाचत बसलेलं माणूस कोण होतं, ते तिला आठवत नाही.

असो. मे महिन्यात आम्ही रेक्याविकला पोहोचलो. भाड्याने घेतलेल्या घरात पहिल्या रात्री बाथरूममधून कुजक्या अंड्याचा दर्प यायला लागला. मी आधी ड्रेनेज बघितलं, मग कचऱ्याचा डबा, मग चिवड्याच्या पिशव्या एकेक करून हुंगल्या, मग सगळ्या खिडक्या सताड उघडल्या, आणि बाहेरचं चार अंश तापमान घरात येऊन चौघंही स्वेटर घालून बसल्यावर जावयाने हळूच सांगितलं की बाबा, इथल्या नळाला येणारं गरम पाणी जमिनीखालचंच असतं, त्याला गंधकाचा वास यायचाच. ज्या वासासाठी मी सासरवाडीशी वाकडं घेतलं, तो इथे नळाला चोवीस तास होता. सकाळी आंघोळ करून आलेल्या बायकोची चांदीची जोडवी काळी पडलेली होती. तिने पाय पुढे करून मला दाखवली. जणू ते पाणी मी सोडलं होतं.

आता माझ्यातला कर्ज अधिकारी पेटून उठला. गरम पाणी इथे घरोघर असेल तर विकत कशाला घ्यायचं? चौकशीत कळलं की शहरात म्युनिसिपालटीचे तरणतलाव आहेत, तेही जमिनीतल्या उष्णतेवर तापवलेले, तिकीट ब्लू लगूनच्या आठव्या-दहाव्या हिश्शात, आणि गावची मंडळी रोज संध्याकाळी तिथे गरम पाण्याच्या हौदांत बसून राजकारणावर बोलतात. मी ताबडतोब प्रायोगिक तत्त्वावर लाउगार्दाल्सलाउग नावाच्या तलावाला भेट ठरवली. नाव उच्चारता येत नाही, म्हणजे जागा अस्सल.

त्या अस्सलपणाचा एक नियम मी वहीत लिहिला होता, पण त्याचा माझ्याशी संबंध जोडायचा राहून गेला. आइसलँडच्या तलावांत क्लोरीन कमी घालतात, म्हणून पाण्यात उतरण्याआधी साबण लावून, एकही कपडा अंगावर न ठेवता, आंघोळ करावीच लागते. बायकांना वेगळी खोली, पुरुषांना वेगळी. पुरुषांच्या खोलीत उघड्यावर रांगेने शॉवर. आणि पुरुष म्हणजे, आमच्या कुटुंबापुरतं बोलायचं तर, मी आणि जावई.

वाचकहो, जावई हा दहावा ग्रह. लग्नात त्याचे पाय धुतले, आंघोळीच्या बाबतीत आमची जवळीक तेवढीच. त्याच्यासमोर मी आजवर बनियनवर आलेलो नाही. तो दिवाळीला घरी असताना अभ्यंगाचं तेल मी दार लावून लावतो. आणि आता आम्ही दोघं त्या फरशीवर, टॉवेल छातीपाशी धरून, भिंतीवरचा फलक अत्यंत लक्षपूर्वक वाचत उभे. फलकावर माणसाची आकृती होती आणि कुठे कुठे साबण लावायचा ते लाल ठिपक्यांनी दाखवलं होतं. डोकं, काखा, पाय आणि मधला तो भाग. आम्ही तो फलक वाचला, मग एकमेकांकडे न बघता पुन्हा वाचला, मग जावई म्हणाला, "पेट्रोलचे भाव इथे बरेच आहेत, नाही बाबा?" मी म्हटलं, "हो ना."

मी युक्ती केली. चड्डी घालूनच शॉवरखाली उभा राहिलो, अंग नुसतं ओलं केलं आणि दाराकडे सटकलो. दारात देखरेखीला बसलेल्या तरुणाने एक शब्दही न बोलता बोट वर केलं आणि माझ्यामागचा फलक दाखवला. मी परत फिरलो. तोवर जावयाने डोळे मिटून डोक्याला शाम्पू लावला होता. मी माझं सगळं उरकेपर्यंत त्याने तो शाम्पू धुतला नाही. एवढा संस्कारी मुलगा आमच्या लेकीला मिळाला, हे मला लग्नाच्या मंडपात नव्हे, त्या शॉवरखाली पटलं.

बाहेर आलो तर काय सांगू! डोक्यावर बोचरी थंडी, रिमझिम पाऊस, आणि रांगेने हौद, प्रत्येकावर तापमानाची पाटी. ३८, ४०, ४२, ४४. आपण घंगाळातल्या कढत पाण्यावर वाढलेली माणसं म्हणून मी सरळ ४४च्या हौदात शिरलो, शेजारच्या आजोबांनी मान हलवून स्वागत केलं, मीही हलवली, आणि पुढच्याच मिनिटाला मी ३८च्या हौदात होतो. तिथे शाळकरी मुलं होती. त्यांनीही स्वागत केलं.

त्या रात्री जेवताना मी अहवाल सादर केला. वरणभात निवत होता, पण मी १९७६पासून सुरुवात केली, सिलिका सांगितली, वाहनतळ सांगितलं, म्युनिसिपालटीचे दर सांगितले आणि शेवटी निकाल दिला: ब्लू लगूनला जाण्यात अर्थ नाही. कोणी काही बोलेना. लेकीने जावयाकडे बघितलं, जावयाने लोणच्याकडे. मग लेक म्हणाली, "बाबा, उद्या दुपारी दोनचं बुकिंग आहे. आयत्या वेळी मिळत नाही म्हणून फेब्रुवारीतच केलं होतं."

अभ्यास मला मार्चमध्ये दिला होता.

दुसऱ्या दिवशी गेलो. तिथे मनगटाला एक पट्टा बांधतात. कपाट त्याच्यावर उघडतं, आणि आत काही खाल्लं-प्यालं तर तेही त्याच्यावरच मांडलं जातं. शॉवरला आडोसे होते, ही गोष्ट मी आणि जावयाने एकाच वेळी पाहिली आणि आम्ही जे स्मितहास्य केलं ते सोयरिकीच्या इतिहासात नोंदवण्यासारखं होतं. केसांना आधी कंडिशनर चोपडा अशी सूचना होती, कारण त्या पाण्याने केस राठ होतात. बायकोने आणि लेकीने अंबाडे घट्ट बांधून वर कंडिशनर थापलं. माझ्या डोक्यावर कंडिशनरला जागा भरपूर आहे, केस नाहीत, म्हणून मी ती सूचना ओलांडून पुढे गेलो.

मिशी लक्षात आली नाही.

चष्मा कपाटात ठेवला होता, पाण्यावर दाट वाफ, आणि पाण्यातच एक खिडकी, जिथे तोंडाला लावायला पांढरी सिलिकेची माती देतात. तिकिटातच आहे म्हटल्यावर मी भरपूर घेतली. थोड्या वेळाने बघतो तर तलावातले सगळे देशोदेशीचे लोक एकाच रंगाचे झालेले, नुसती पांढरी तोंडं आणि त्यांत डोळ्यांची भोकं. त्यातलं ओळखीच्या उंचीचं एक तोंड कडेला टेकून शांत उभं होतं. मी शेजारी जाऊन टेकलो आणि मन मोकळं केलं. म्हटलं, "हे बघ, पोरगा लाखात एक आहे, पण पैसा पाण्यासारखा खर्च करतो. आणि इथे तर पाण्यावरच केला. एवढ्यात आपण सगळी सोसायटी वज्रेश्वरीला नेऊन वर मिसळ खाऊ घातली असती. तू त्याला काही बोलू नकोस, मी वेळ बघून सांगतो." तोंड काही बोललं नाही. मीही मग पुढे त्याच्या आईच्या आहेरावर आलो. तेव्हा ते तोंड खाकरलं आणि म्हणालं, "बाबा, आईंना इकडे बोलावू का? त्या पलीकडे फोटो काढतायत."

यानंतर मी बराच वेळ गळ्यापर्यंत पाण्यात राहिलो. आणि खरं सांगतो, तिथून हलावंसं वाटेना. अडतीस अंशाचं ते मऊ पाणी, तळाशी पायाला लागणारा लोण्यासारखा साका, भोवती काळाकुट्ट लाव्हा, मागे वीजकेंद्राच्या वाफेचे ढग, आणि बायको निळ्या पाण्यात फोनला पिशवी बांधून स्वतःचेच फोटो काढत हसतेय. तुम्ही विचाराल, जावं की नाही? नुसती आंघोळ करायची असेल तर म्युनिसिपालटीचा तलाव दहा पट चांगला, गप्पांसकट. फोटो हवे असतील, बायको बरोबर असेल आणि पैसे जावयाने भरलेले असतील, तर ब्लू लगून. फक्त चष्मा घालून उतरा.

निघताना दाराशी फिरतं फाटक होतं. तिकिटात एक पेय फुकट, हे मी वाचलं होतं. त्यातला 'एक' हा शब्द वाफेत कुठेतरी गेला असावा, कारण मी त्या निळ्या पाण्यातून दर थोड्या वेळाने बारकडे जाऊन फळांचा रस आणत होतो, एकदा चौघांसाठीसुद्धा. पट्टा टेकवला, फाटक हललं नाही, पडद्यावर आकडा आला. मागे रांग. काउंटरवरच्या मुलीने हसून काहीतरी विचारलं, मी उत्तरादाखल हसायला गेलो, आणि काथ्यासारखी ताठ झालेली मिशी दोन्ही गालांत रुतली. "कार्ड द्या बाबा," मागून जावई म्हणाला, आणि आकडा बघून, अगदी माझ्याच आवाजात, "पण पैसा पाण्यासारखा खर्च करता हां."